दहा मोजून एक

बाई कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायच्या, पण चार भिंतींत त्यांचा जीव रमत नसे. पहिल्याच आठवड्यात त्या सगळ्या वर्गाला मागच्या टेकडीवर पिटाळायच्या. तिथे डोळे मिटून, पान चुरगळून, नुसत्या वासावरून झाड ओळखायचं. चुकलं तर डोळे उघडायची परवानगी नाही, पुन्हा हुंगा. आणि दहा रोपं मोजल्याशिवाय एकालाही हात लावायचा नाही.

"नऊ असली तर हात मागे," बाई बजावायच्या. "परीक्षेत नाही लिहिलंत तरी चालेल, इथे पाळा."

ही गोष्ट जिची, तीही त्याच वर्गातली. एकोणीस वर्षांची होती आणि बाईंची लाडकी व्हायचं एवढं एकच खूळ डोक्यात. टेकडीवर जांभळ्या फुलांचं एक इवलंसं झुडूप यायचं, तेही मनात आलं तरच. पोरांनी त्याचं नाव रुसकी ठेवलं होतं. बाई कित्येक वर्षं रुसकीच्या वाटेकडे डोळे लावून होत्या. त्या वर्षी ती नेमकी हिलाच दिसली. हिने मोजलं. मोजायला वेळ लागलाच नाही, एकच होती. तरी पठ्ठीने ती मुळासकट उपटली, कारण नमुना मुळासकट हवा हेही बाईंनीच शिकवलेलं. सोयीचा तेवढा धडा बरा लक्षात राहिला!

"किती होत्या गं?" बाईंनी विचारलं होतं. आनंदाने त्यांचा आवाज कापत होता.

"दहा."

बाईंनी रोप वाळवून जाड कागदावर चिकटवलं, सुटलेल्या शेंगा कागदाच्या पुडीत घालून शेजारी डकवल्या आणि खाली लिहिलं : दिसलेली संख्या, दहा. पुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी त्या उरलेल्या नऊ शोधत टेकडी पालथी घालायच्या. ही मागून पिशवी घेऊन चालायची. तोवर ती कॉलेजच्याच प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागली होती. रोज ठरवायची, आज सांगून टाकू. रोज जीभ टाळ्याला चिकटायची.

यंदा कपाटं हलवताना तो कागद हाती आला. सत्तावीस वर्षांपूर्वीच्या त्या अक्षरावरून तिने बोट फिरवलं. बाई वर्गात असत्या, रागावल्या असत्या तरी चाललं असतं, असं तिला फार वाटलं. मग तिने पुडी उघडली. आत शेंगा आणि अकरा बिया. तिने सगळ्या कुंडीत पेरल्या आणि देव पाण्यात घालून बसली. तीन उगवल्या. एक गोगलगायीने खाल्ली, एक आपसूक मान टाकून गेली. तिसरी वाढली.

ती कुंडी घेऊन ती बाईंच्या घरी गेली. बाई आता ऐंशीच्या घरात, डोळ्यांनी पार अधू. खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या.

"बाई, रुसकी आणलीय."

 बाईंचा हात चाचपडत पुढे आला, पानापर्यंत पोचला, दोन बोटांत पान धरलंही. आता चुरगळलं की झालं. आणि बोटं थांबली.

"किती आहेत गं?"

दहा म्हणणं किती सोपं होतं! बाईंना कुठे दिसत होतं? एक शब्द, आणि इतक्या वर्षांचा तो वास त्यांना मिळाला असता. तिच्या ओठांवर शब्द आलाही.

"एकच आहे, बाई." ती म्हणाली. "तेव्हाही एकच होती. मी खोटं बोलले."

बाईंनी हात मागे घेतला. 

"म्हणजे नऊ नव्हत्याच," त्या म्हणाल्या. "आणि मी गुडघ्यांची वाट लावून घेतली. गाढव आहेस तू."

"हो."

"फुलं आली की बी धर. दहा झाल्या की आण माझ्याकडे."

"दोन वर्षं लागतील, बाई."

"लागू देत. मला कुठं जायचंय?"

मग बाई सावकाश पुढे वाकल्या, डोळे मिटले आणि पानाला न शिवता नाक जवळ नेलं.

"येतोय वास?" तिने विचारलं.

"चुरगळल्याशिवाय कसा येईल गं?" बाई म्हणाल्या, पण वाकलेल्याच राहिल्या.