माझ्या अंगावरचा कोळसा

मित्रांनो, मी व्हॅन आहे. पण माझ्यात बसायला धावू नका, तुमची करंगळीसुद्धा आत मावायची नाही. फ्रान्समध्ये एके काळी एक मालवाहू व्हॅन गल्लोगल्ली फिरायची. पाववाले, फुलवाले, खाटीक, टपालवाले, सगळ्यांकडे तीच. अंग पन्हळी पत्र्याचं आणि नाक डुकरासारखं पुढे आलेलं. तिची मी तळहातावर मावणारी प्रतिकृती. आता रूपाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, नाक सोडलं तर मी देखणी होते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात ओतला, थंड केला, घासला, वर राखाडी रंग फवारला. एका बाईने चिमट्याने माझे दिवे बसवले आणि मला पारदर्शक डबीत बंद केलं. मग बरीच वर्षं फ्रान्समधल्याच एका दुकानाच्या फळीवर काढली. येणारं-जाणारं गिऱ्हाईक म्हणायचं, "काय चकाकतेय हो!" की मी आतल्या आत फुगायचे. अंगावर कणभर डाग सहन न होण्याची खोड मला तिथेच लागली.

मला घरी नेलं ते कवळ्या बनवणाऱ्या एका बाईने. दिवसभर लोकांच्या मापाचे दात घडवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जुन्या फ्रेंच व्हॅनच्या प्रतिकृती पुसत बसायचं, असा तिचा छंद. काचेच्या कपाटात पिवळी टपालव्हॅन होती, लाल बंबाची होती, निळी दूधवाल्याची होती. टपालव्हॅन तर सदा नाकाने कांदे सोलणारी. मला वाटलं, चला, आता आपणही या मानाच्या रांगेत.

कसली रांग आणि कसला मान! तिने मला डबीतून काढलं आणि टेबलावर उताणं पाडलं. दात कोरायचं यंत्र घेतलं आणि उजव्या बाजूला चक्क पोचा पाडला. एक आरसा मोडला. मागचं दार केसासारख्या तारेने बांधलं. नंबराची पट्टी खरवडून दुसरा नंबर लिहिला. एवढ्यावर भागलं असतं तरी मी गिळलं असतं. पण तिने एका जुनाट गोणीची शिवण उसवली, आतून चिमूटभर कोळशाची भुकटी काढली आणि ब्रशने माझ्या पन्हळीपन्हळीत भरली.

तिचा नवरा चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "अगं, लोक मळलेली गाडी धुतात. तू धुतलेली मळवतेस! डोकं ठिकाणावर आहे ना?"

"ही बाबांची गाडी आहे," ती म्हणाली. "त्यांच्याकडे अगदी अशीच होती, खरीखुरी. तिच्यातून घरोघरी कोळसा पोचवायचे. गोणीसुद्धा त्यांचीच, शेवटची उरलेली."

"मग एवढं तोंड पाडून काय करतेस?"

तिने ब्रश खाली ठेवला. "ते मला शाळेत सोडायला यायचे ना, तेव्हा मी कोपऱ्यावरच उतरायचे. दारापर्यंत येऊ नका म्हणायचे. मैत्रिणींनी विचारलं तर सांगायचे, आमच्या ओळखीचा कोळसेवाला आहे. ओळखीचा! बापाला म्हणायचे मी असं."

"लहान होतीस गं."

"एवढीही लहान नव्हते." तिने नाक ओढलं. "रविवारी अशा गाड्या जमवणाऱ्यांचा आमचा गट इथे जमतोय. बाबांनाही बोलावलंय. ही गाडी सगळ्यांच्या मधोमध ठेवणार आणि ती कोणाची आहे ते त्यांच्यासमोर सांगणार. तोंडाने माफी मागायला मला जमत नाही, तुला माहीत आहे. त्यांना आधी बघू दे, काही राहिलं असेल तर सांगू दे, मग वार्निश मारून कोळसा पक्का करते."

मित्रांनो, हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं, आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं. मला पडली होती माझ्या रंगाची. कपाटात मला ठेवलं तेव्हा टपालव्हॅन आपली सावलीसुद्धा माझ्यावर पडू देईना, असं मला वाटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा लागला की मी मनातल्या मनात मागे सरकायचे. कोणी बघू नये, कोणी विचारू नये, एवढंच मागणं होतं माझं.

शनिवारी तिचे बाबा आले. मोठ्या हाडापेराचा, हळू चालणारा माणूस. काम सोडून किती वर्षं झाली, तरी नखांच्या कडा अजून काळ्याच. लेकीच्या घरातही ते खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले. तिने त्यांना कपाट दाखवलं नाही. उद्या एकदम दाखवीन म्हणाली आणि गालातल्या गालात हसली.

रविवारी ती दोघं पाहुण्यांसाठी बिस्किटं आणायला बाहेर पडली. बाबा घरात एकटेच. हात मागे बांधून खोलीभर फिरले आणि फिरत फिरत कपाटापुढे येऊन थांबले. माझ्याकडे बघितलं. आणखी जवळ आले. त्यांच्या श्वासाने काच धुरकटली.

"अरेच्चा! ही तर आपली!"

त्यांनी मला बाहेर काढलं. पोच्यावरून अंगठा फिरवला, मागची तार बघितली, नंबर डोळ्यांजवळ नेऊन वाचला. हसले, डोळे पुसले. मग बाकीच्या लखलखीत गाड्यांकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं नि लगबगीने मला मोरीत घेऊन गेले.

साबण आला, जुना टूथब्रश आला, कोमट पाणी आलं. पन्हळीतून ब्रश असा काही फिरला म्हणता! काळं पाणी जाळीतून खाली गेलं आणि माझा राखाडी रंग वर आला. खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटत होत्या. सुटले बाई एकदाची, असं वाटलं. आता दाखवतेच त्या टपालव्हॅनला.

तेवढ्यात कुलूप वाजलं. ती आत आली, मोरीशी आली आणि तिच्या हातातली पिशवी खालीच पडली.

"बाबा! हे काय केलंत तुम्ही? कोणी सांगितलं होतं हात लावायला?"

ती ओरडली हो. म्हाताऱ्या बापावर ओरडली. बाबा ओल्या हातांनी तसेच उभे राहिले.

"मळली होती गं, ठमे," ते म्हणाले. "बाकीच्या सगळ्या कशा झकास. म्हटलं, तुझी माणसं यायची आहेत. आपल्या गाडीपायी तुला मान खाली घालायला नको."

ती मोरीच्या उंबऱ्यावरच बसली. नवरा पिशवी उचलून स्वयंपाकघरात गेला.

"मी मुद्दाम मळवली होती," ती म्हणाली. "तुमची होती तशीच. तुम्हाला कळावं म्हणून, की मला आता तिची लाज वाटत नाही."

बाबांनी मला टॉवेलावर ठेवलं. "मला तेव्हाही कळायचं गं, कोपऱ्यावर का उतरतेस ते. गाडी काळी, म्हणून. म्हणून तर तुझ्या बक्षीस समारंभाला धुतली होती. आदल्या दिवशी कामावर खाडा केला. घासूनपुसून आरसा केला होता तिचा! म्हटलं, आज पोरीला दारापर्यंत नेऊ."

"आणि मी?"

"तू म्हणालीस, इथेच थांबा."

"मला आठवतच नाही, बाबा. धुतलेली गाडी मला आठवतच नाही."

"तू बघितलीच नव्हतीस. आपल्याला कोणी बघतंय का, हे बघत होतीस."

ते रागावून नाही बोलले. रागावले असते तर बरं झालं असतं. तिने पदरात तोंड लपवावं तसं टॉवेलाच्या टोकात तोंड लपवलं, आणि मी त्याच टॉवेलावर साबणाचा वास मारत पडले होते. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच शिसारी आली. त्या माणसाच्या आयुष्यभराच्या कष्टांचा शेवटचा चिमूटभर कोळसा माझ्या अंगावर होता. मी तो घाण समजले, आणि तो वाहून जाताना मला आनंद झाला.

दारावरची घंटा वाजली. पाहुणे आले होते.

बाबांनी घाईघाईने हात पुसले. "तू तोंड धू. मी आतल्या खोलीत बसतो. तुमचं चालू दे."

त्यांनी दोन पावलं टाकली असतील, तेवढ्यात तिने त्यांचा हात धरला.

"बाबा, दार तुम्ही उघडा."

"मी? अगं, सदरा ओला आहे माझा."

"असू दे ओला. तुम्हीच उघडा."

त्यांनी सदऱ्याची बाही खाली ओढली, पुन्हा वर केली आणि दार उघडलं. ती त्यांच्या मागे उभी होती, नाक लाल, डोळे सुजलेले, आणि मी तिच्या तळहातावर. "हे माझे बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला तसं तिने पुन्हा मोठ्याने म्हटलं, "माझे बाबा. कोळसा पोचवायचे. ही गाडी त्यांची."

त्या दिवशी बाबा खुर्चीत मागे टेकून बसले. कोणी विचारलं, एवढ्या लहान गाडीत माल किती मावायचा हो, आणि त्यांनी दोन्ही हात पसरून अशी काही सुरुवात केली, की चहा दोनदा गरम करावा लागला. तिने मला पुन्हा मळवलं नाही, वार्निशही मारलं नाही. मी साबणाच्या पांढुरक्या ओघळांसकट मधल्या फळीवर उभी आहे. टपालव्हॅनला काय वाटतं ते मी आता विचारत नाही.

माझ्यावरची धूळ पुसा, मला जपून ठेवा, असं सांगायला मला तोंड नाही. एवढंच सांगते, बाळांनो. तुमच्या घरी पाहुणे आले की कोणी आपलं माणूस गुपचूप आत जायला उठतं का, तेवढं बघा. उठलं, तर त्याचा हात धरा आणि त्याला तुमच्या शेजारी बसवा.