बाई आत

डॉक्टर केसरीनाथ यांचा भिवंडीतल्या कामतघरचा दवाखाना आठ खाटांचा, पण तिथला एक नेम कधी मोडला नव्हता. बाई पेशंटला तपासायचं असलं की डॉक्टर हाक द्यायचे, "बाई आत!" की आया धोंडूबाई हातातला फडका टाकून पडद्याआत जाऊन उभी राहायची. वीस वर्षं तिने हेच केलं. एकदा एका पेशंटचा नवरा डॉक्टरांवर नाही नाही ते आळ घेत आला, तेव्हा धोंडूबाई एवढंच म्हणाली होती, मी आत होते. तो माणूस गप घरी गेला.

नर्ससाठी मात्र असला काही नेम नव्हता. रिया तिथे दोन वर्षं नर्स होती. २००५ साली डॉक्टरांचा भाचा भाविक कारभार बघायला आला, आणि औषधांच्या खोलीत त्याचं सारखं काहीतरी हरवायला लागलं, तेही रिया आत असतानाच. आधी खेटणं, मग चुकून लागल्यासारखा हात. एका दुपारी त्याने दार लोटून घेतलं, तिचं मनगट धरलं आणि कमरेला हात घातला. ती ओरडली, हिसडा देऊन सुटली आणि बाहेर पळाली.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर माणूस वाईट नव्हता, पण घरच्या माणसाविषयी ऐकायची वेळ आली की भल्याभल्यांचे कान जड होतात. विचारतो, म्हणाले. त्यांनी विचारलं ते फक्त भाविकला.

त्या आठवड्यापासून रियाच्या हातातली सुई गेली आणि फिनेलची बादली आली. तेवढ्याने भाविकचं समाधान होईना. एका पेशंटच्या अंगावर पुरळ उठलं, त्याचं खापर त्याने रियावर फोडलं, हिने टेस्ट न करताच इंजेक्शन दिलं म्हणून. धडधडीत खोटं! पण हा शिक्का बसला असता तर भिवंडीत कुठल्याच दवाखान्याने तिला दारात घेतलं नसतं. तिच्या वडिलांनी, नरेंद्रने, पोटाला चिमटा काढून तिला नर्सिंग शिकवलं होतं.

शनिवारी डॉक्टरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर राजीनामा टाइप होऊन तयार होता, वर 'स्वखुशीने' असंही लिहिलेलं. भाविक शेजारी पाय पसरून बसला होता. सही केलीस तर इंजेक्शनचं कुठे बोलणार नाही, असं त्याने ऐकवलं.

"तू म्हणतेस ते कुणी पाहिलं का, रिया?" डॉक्टरांनी विचारलं.

रियाने नकारार्थी मान हलवली. या दोघांपुढे तिला रडायचं नव्हतं.

तेवढ्यात धोंडूबाई आत आली आणि पडद्यापाशी नेहमीच्या जागी उभी राहिली. इथे पेशंट नाही, तू जा, असं डॉक्टर म्हणाले.

"बाई आत हाय ना? मंग मी उभी ऱ्हाणार. नेम तुमचाच हाय."

भाविक हसला. तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"त्या दुपारी पोरीचा आवाज आला, म्हणून सवयीनं गेले. दाराच्या फटीतून दिसलं. भाविकशेठचा हात तिच्या कमरेला, नि ती सुटाया बघत व्हती. मी मागं फिरले. माझा पोरगा विठू दापोड्याच्या गोडाऊनला कामाला शेठनंच लावलाय, म्हणून तोंड शिवून बसले. डॉक्टर, तुमच्यावर आळ आला तवा माझा शब्द चालला. आज चालत न्हाय काय?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. मग त्यांनी राजीनाम्याचे दोन तुकडे केले आणि भाविकपुढे हात केला, दवाखान्याच्या किल्ल्यांसाठी.

सोमवारी रियाच्या हातात पुन्हा सुई आली. त्याच सकाळी विठूला गोडाऊनवरून परत पाठवलं, हेही तिला कळलं. तिने धोंडूबाईचा हात धरला. "तो धडधाकट हाय, शोधंल दुसरं," म्हणत धोंडूबाईने हात सोडवून घेतला.

थोड्या वेळाने रिया औषधांच्या खोलीत गेली. मागे वळून बघते तर धोंडूबाई फडका खांद्यावर टाकून दारात उभी. तिला कुणीच हाक दिली नव्हती.