चौथं कलम

नडगीचं पॅड... एकच, डाव्या पायाचं, तळहातात मावेल एवढं, कडेचा चिखल वाळून तडकलेला. गुरुवारच्या सरावात कुणीतरी विसरलं असणार. लुसेआनेने ते क्लबच्या कचेरीतल्या टेबलावरून उचललं, उलटं केलं, नाव शोधलं. नाव नव्हतं, आणि नाही म्हणून तिला बरं वाटलं. आशुरचं नसणारच. आठ वर्षांच्या त्या पोराच्या मोज्यांवरसुद्धा त्याची आई नाव घालते.

खिडकीबाहेर छोट्यांचा सामना चालू होता. इथे जुलै म्हणजे हिवाळा, ऊन नुसतं उजेडापुरतं. शेगडीवर सॉसेज परतणाऱ्या बापांपैकी कुणीतरी विलिसोनीला नेहमीसारखं टोचत होतं – याला आधी दोन द्या रे, नाहीतर पंचाला खाईल – आणि विलिसोनी, तिचा धाकटा भाऊ, मुलांचा प्रशिक्षक, पोट हलवत हसत होता. त्याच्या संघाचा सामना अकराला. आता दहा वाजून वीस मिनिटं. अकराच्या आत त्याला सांगायला हवं होतं.

सकाळी आशुरची आई नाहरिन आली ती खुर्चीत बसलीच नाही. गुरुवारी पाऊस आला, सराव लवकर आटोपला, ती मुलाला न्यायला पोचली तर कपडे बदलायच्या खोलीचं दार लावलेलं. उघडलं तर आत दोघंच. विलिसोनी गुडघ्यांवर बसून पोराचे ओले बूट काढत होता. एवढंच. आशुरही एवढंच म्हणतो.

“मी आरोप करत नाहीये, लुसेआने,” ती म्हणाली होती. “मी बघितलं ते तुला सांगतेय. सांगायचं कुणाला, तर तुला, असं भिंतीवरच्या कागदावर लिहिलंय.”

खरंच लिहिलंय. मुलांच्या सुरक्षिततेसाठी संपर्क: लुसेआने. वर फोटो, चर्चच्या मेजवानीतला, कानामागे फूल.

तिने जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेला फोन केला. पलीकडच्या बाईने शांतपणे सांगितलं: मुलाला प्रश्न नकोत, प्रशिक्षकालाही नकोत, विचारायचं ते आम्ही विचारू, तोवर त्याने मुलांपासून लांब राहायचं, घटनेचा अहवाल भरून संध्याकाळपर्यंत पाठवा. भाऊ आहे म्हटल्यावर ती बाई क्षणभर थांबली. दुसऱ्या कुणाला सांगायला लावलं तरी चालेल, म्हणाली. नको, मीच सांगते, असं लुसेआने म्हणून बसली होती.

अहवालातला सहावा प्रश्न: प्रशिक्षकाला नियम समजावले होते का? कुणी, केव्हा?

नोंदवहीत त्याची सही होती, दोन वर्षांच्या दोन, मोठी, लहान मुलासारखी अक्षरं. शेजारी तिची: सर्व कलमं वाचून दाखवली. कागदाच्या हिशेबाने विलिसोनीला सगळं ठाऊक होतं. आणि चौथं कलम – कपडे बदलायच्या खोलीत एका मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर थांबू नये, दार लावू नये, कपडे उतरवायला हात लावू नये – ते तिने दोन्ही वर्षी गाळलं होतं.

कारण नियम वाचायच्या बैठकीत तो पहिल्या रांगेत बसला होता. टोंगा बेटांवरून आलेल्या आमच्या घरांत भावाबहिणींपुढे अंगाचं, कपड्यांचं बोलणं निघत नाही. टीव्हीवर तसलं काही लागलं की दोघांतलं एक उठून बाहेर जातं. मी खोलीत एकटी असले तर तो अजून उंबऱ्यावर थांबतो. लाज नव्हे ही, मान आहे. आई म्हणायची, हा मान सुटला तर घर नुसतं छप्पर उरेल... म्हणून दोन्ही वर्षी तिसऱ्या कलमानंतर ती घसा खाकरली आणि पाचवं वाचलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. इंग्रजी कागद तो वाचत नाही. ताईने वाचला म्हणजे झालं, म्हणून तो सही करतो.

मग लिहून टाकायचं – चूक माझी, त्याला माहीतच नव्हतं. तिने पेन टेकवलं आणि थांबली. खरं होतं ते. पण किती पटकन सुचलं... गेल्या महिन्यात चर्चमध्ये वेदीवरून प्रवचन करताना, समुद्रात वादळ आणि नावेत प्रभू येशू झोपलेले, असं सांगता सांगता विलिसोनी अडखळला, तेव्हा तिने बाकावरून गीत उचललं होतं, मग सगळ्यांनी, चार सुरांत, छतापर्यंत. आणि गीत संपेतो तो सावरला होता. तेवीस वर्षं ती हे करत आलीय. तो अडला की ती सूर धरते. देवाने मला आवाज दिला तो यासाठीच, असं कितीदा वाटलं असेल.

पण नियम माहीत नव्हता, एवढ्याने दार का लावलं याचं उत्तर मिळत नव्हतं. वाऱ्याने लागलं असेल. पोराला थंडी वाजत असेल. असेल, असेल... मला माझा भाऊ ठाऊक आहे, असं ती स्वतःशी म्हणाली आणि त्या वाक्यापाशीच अडली. मला किती ठाऊक आहे? मानापलीकडचं मी कधी विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही. त्या अर्ध्याच ओळखीच्या माणसाच्या भरवशावर मी चौदा घरांची मुलं त्याच्या हाती दिली.

तिने दोन्ही लिहिलं: चौथं कलम मी वाचलं नाही. दार लावलेलं होतं. सही केली, आणि खिडकीतून हात केला.

तो आला, कागदी थाळीत तिच्यासाठी पाव घेऊन, आणि उंबऱ्यावर थांबला.

“आत ये,” ती म्हणाली. “दार उघडंच राहू दे.”

बस म्हटल्यावर तो बसला. तिने कागद समोर धरून चौथं कलम वाचलं, आधी इंग्रजीत, मग घरच्या भाषेत, एकही शब्द न गाळता. विलिसोनीचे कान लाल झाले. अर्ध्यावर त्याने खुर्ची मागे सरकवली, तरी ती वाचत राहिली. मग तिने सांगितलं, आजचा सामना दुसरं कुणी बघेल, संघटनेची माणसं बोलावतील, तोवर मैदानावर यायचं नाही.

 नियम कधी कुणी सांगितलाच नव्हता, असं तो म्हणाला नाही. म्हणाला, “ताई, त्या दिवशी पोरगा...”

“मला नको सांगूस.”

“अगं, ऐक तरी.”

“त्यांना सांग. मी ऐकलं तर माझा विश्वास बसेल.”

तो तिच्याकडे सरळ बघत राहिला, लहानपणानंतर बहुधा पहिल्यांदाच. नजर हलवावी असं तिला वाटलं, हलवली नाही. त्याने थाळी टेबलावर ठेवली आणि मागच्या फाटकाने गेला.

अकरा वाजत आले तशी मुलं रांग करू लागली. आशुर तिसरा उभा होता, एक मोजा घसरलेला. लुसेआने दारात येऊन त्या चौदा डोक्यांकडे बघत राहिली. यातलं प्रत्येक पोर कुठल्या खोलीत, कुणाबरोबर, किती वेळ असतं, हे आपल्याला खरंच माहीत नाही. भावाबद्दलचं जे दुखत होतं ते तसंच दुखत राहिलं. पण त्याच्यासाठी प्रार्थना सुरू केली तेव्हा ओठांवर आधी आशुरचं नाव आलं, आणि पुढचं, भावाचं नाव घ्यायला तिला बराच वेळ लागला.