चिखलातला मेढेकोट

क्वेबेकची पुरातत्त्वज्ञ मारिएल पुलिओ सव्वीस वर्षं जे शोधत होती ते ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, जमिनीखाली साडेचार मीटरवर, तिच्या हाताला लागलं. पंपाच्या आवाजानं कान किटले होते. आधी तिला वाटलं दगड आहे. मग बोटांना गोलाई जाणवली. तिनं चिखल पुसला तर खाली झाडाची साल, जमिनीत उभा रोवलेला लाकडी मेढा. तीनशे तीस वर्षं जमिनीत राहून अंगावरची साल जशीच्या तशी!

शेजारी दुसरा मेढा होता, हातभर अंतरावर तिसरा. संध्याकाळपर्यंत चौदा मेढ्यांची ओळ उघडी पडली. त्यांच्या पायाशी ओंडक्यावर ओंडका रचून बांधलेला धक्का होता. एकेकाळी फ्रान्सची गलबतं याच धक्क्याला लागायची. इंग्रजांचं आरमार पुन्हा नदीतून वर चढून येणार या धास्तीनं क्वेबेकच्या लोकांनी धक्क्यालाच मेढेकोट घातला, असं एका जुन्या नकाशात दाखवलेलं होतं. पण तो कुणाला सापडला नव्हता. याच जागेच्या कोपऱ्यात एव्हारिस्त लांजलिए यांनी १९७९ साली खणलं होतं आणि अहवालात एकच ओळ लिहिली होती : 'खाली नुसता गाळ.' क्वेबेकच्या उत्खननात लांजलिएंनी गाळ म्हटलं की गाळ. नकाशा काढणाऱ्यानं राजाला खूश करायला एक रेघ जास्त ओढली असणार, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकट्या मारिएलचं झालं नाही, आणि ती तर लांजलिएंचीच विद्यार्थिनी.

जागेवर मोठी इमारत उठणार होती, खाली गाड्यांचं तळघर. बांधकामाचा इंजिनिअर गेताँ स्वभावानं बरा माणूस होता. तो खड्ड्यात उतरला, बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "मॅडम, दोन वाटा आहेत. तळघराची ही बाजू आम्ही सोडून देतो. तुम्ही हे परत चिखलानं झाका, वर आमचं काँक्रीट पडेल, शंभर वर्षं कुणी हात लावणार नाही. नाहीतर सगळं उचला. पण मग सहा आठवड्यांत. पुढे मला थांबता येणार नाही."

मारिएलनं विचार करायला एक रात्रही घेतली नाही. तिचे वडील याच बंदरात पोती वाहून वाहून कमरेतून वाकले होते. वरच्या गावात बुरूज होते, तोफा होत्या, सेनापतींचे पुतळे होते. खालच्या, बंदराकडच्या गावानं तीन शतकं ओझी उचलली, त्याची खूण म्हणून लोकांना दाखवायला काही नव्हतं. आता होतं. हे परत पुरायचं? छे.

गुरुवारी लांजलिए आले. वय चौऱ्याऐंशी, हातात काठी, डोक्यावर कान झाकणारी टोपी. ते खड्ड्याच्या काठावर उभे राहिले. मेढे बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. मारिएलच्या हे लक्षात आलं, पण तिनं वेगळाच अर्थ काढला.

"मारिएल," ते म्हणाले, "झाकून टाक."

"काय?"

"मोजमाप घे, चित्रं काढ, फोटो काढ आणि झाक. जसं होतं तसं चिखलात राहू दे, पोरी."

"मस्यु लांजलिए, सव्वीस वर्षांनी सापडलंय. परत पुरू?"

"पुरलेलं होतं म्हणून तर सापडलं."

"आणि लोकांनी कधी बघायचं?"

"लोकांना बघायची हौस असते. सांभाळायची नसते."

तिच्या डोक्यात तिडीक गेली. आजूबाजूला तिची माणसं होती, गेताँ होता, सांस्कृतिक मंत्रालयाची एक बाई होती. सगळ्यांच्या देखत ती बोलून गेली, "तुमच्या हाताला लागलं नाही ना, म्हणून ते कुणाच्याच हाती लागायला नको. असंच ना?"

 खाली पंप चालूच होता. लांजलिएंनी काठीचं टोक चिखलातून उपसलं. मग खाली बघत म्हणाले, "बूट ओले झाले माझे." आणि काठी टेकत टेकत गाडीकडे गेले.

सहा आठवडे मारिएल घरी फक्त झोपायला गेली. चौदा मेढे आणि एकतीस ओंडके ओल्या घोंगड्यांत गुंडाळून, पाळण्यातल्या बाळासारखे, क्रेननं वर काढले. कुंपणापलीकडे रोज माणसं जमायची. एक म्हातारी रोज थर्मासमधून वाटाण्याचं सूप घेऊन यायची आणि कुणी कामगार दिसला की त्याला प्यायला लावायची. वर्तमानपत्रात मारिएलचा फोटो आला, चिखलानं माखलेला, दात दिसतायत असा. नोव्हेंबर संपता संपता खड्डा रिकामा झाला आणि दुसऱ्याच दिवशी तिथे लोखंडी खांब ठोकायला सुरुवात झाली. मेढेकोटाच्या दोन्ही टोकांना तसंही काही उरलेलं नव्हतं. एक टोक रेल्वेनं खाल्लं होतं, दुसरं गटारानं. जे होतं ते सगळं आता मारिएलच्या ताब्यात होतं.

एवढी वर्षं चिखलात राहिलेलं लाकूड उघड्या हवेत ठेवलं तर महिन्याभरात त्याचा भुगा होतो. ते आधी पाण्यात ठेवायचं, मग मेणासारख्या द्रावणात वर्षानुवर्षं मुरवायचं, तेव्हा कुठे ते टिकतं. द्रावणाच्या कामाला वसंतात जागा मिळणार होती. तोवर नदीपलीकडे, लेव्हीतल्या एका गोदामात, सहा लांब टाक्यांत सगळं बुडवून ठेवलं. तिथे राखणीला फ्लोराँ शुईनार होता. तीस वर्षं फेरीबोटीवर दोरखंड ओढून निवृत्त झालेला, पोट सुटलेला, तोंडानं सैल. रोज तो पाण्याचं तापमान वहीत लिहायचा आणि लाकडांशी गप्पा मारायचा.

"बॉस, यांचे लाड माझ्या सासूपेक्षा जास्त," तो म्हणायचा. "सासूलासुद्धा रोज आंघोळ नाही मिळत."

"सासूला सांग, टाकीत जागा आहे."

"तबर्नाक!" त्यानं शिवी हासडली. "ती आली तर हे मेढे उठून पळतील!"

नाताळ जवळ आला तसा फ्लोराँ गप्प गप्प दिसू लागला. त्याची मुलगी वर से-टीलला राहायची. तिला पहिलं बाळ झालं होतं. गाडीनं आठ-दहा तासांची वाट. जाऊ का, असं तो विचारत नव्हता, आणि तेच मारिएलला बघवेना.

"जा तू," ती म्हणाली. "नातीला बघून ये. मी आहे."

"तुम्ही रिमूस्कीला बहिणीकडे जाणार होतात ना?"

"चोवीसला जाईन, सव्वीसला परत येईन. मध्ये दीड दिवस. हीटर चालू आहे, अलार्म आहे. काय होणार आहे?"

पंचवीसच्या रात्री बर्फाचं वादळ आलं. सव्वीसला हमरस्ता बंद झाला, सत्तावीस-अठ्ठावीसलाही उघडला नाही. बहिणीच्या घरात ऊब होती, माणसं होती, ओव्हनमध्ये मांसाचं सारण भरलेला मीट-पाय होता. गोदामात कुणाला तरी पाठवावं असं एकदा मारिएलच्या मनात आलं. पण अशा दिवसात कुणाला घराबाहेर काढायचं? काही झालं असतं तर अलार्मचा फोन आला असता, असं म्हणून तिनं मीट-पायचा दुसरा तुकडा घेतला. पुढे कित्येक महिने तिला तो तुकडा आठवायचा. त्याची चव आठवायची.

अलार्म वाजला होता. तो ज्या नंबरावर वाजला तो नंबर कचेरीतल्या एका कारकुनाचा होता, आणि त्या कारकुनानं नोव्हेंबरातच नोकरी सोडली होती.

एकोणतीसला दुपारी ती लेव्हीला पोचली. बाहेर उणे एकतीस. कुलूप गोठलं होतं, ते लायटरनं गरम करून उघडावं लागलं. आत पाऊल टाकलं आणि तिला कळलं. वादळात वीज गेली होती, पंपांची घरघर नव्हती. आतही तोंडातून वाफ निघत होती. टाक्यांमधलं पाणी कडेपेक्षा वर फुगून आलं होतं, पांढरं, कठीण. बर्फाखाली मेढे काळे काळे दिसत होते. तिनं हातमोजा काढला आणि तळहात बर्फावर टेकवला. हात चिकटायला लागला तरी तिनं तो लगेच काढला नाही.

बर्फ हळूहळू वितळवा, असं तज्ज्ञांनी सांगितलं. तीन आठवडे रोज अंशाअंशानं ऊब वाढवली. पण एवढं जुनं लाकूड मुळात पोटातल्या पाण्याच्या आधारानंच उभं असतं. ते पाणी गोठलं, फुगलं आणि लाकडाचा कण न् कण आतून फुटला. जानेवारीच्या शेवटी पहिला मेढा पट्ट्यावर घेऊन वर उचलला तेव्हा तो दुधात भिजलेल्या पावासारखा मधोमध वाकला आणि पाण्यात पडला. साल सुटून वर तरंगली. दुसरा मेढा उचलायला मारिएलनं मनाई केली.

फ्लोराँ कोपऱ्यात उभा होता.

"मी गेलो नसतो तर..."

"मी पाठवलं तुला."

"पाठवलं तरी मी जायला नको होतं, बॉस. तीस वर्षं बोटीवर काढली मी. पाळी दुसऱ्यावर टाकून कधी घरी गेलो नाही."

"फ्लोराँ, ऐक. चूक माझी आहे."

त्यानं मान हलवली. पटलं म्हणून नाही, तिनं थांबावं म्हणून. फेब्रुवारीत चौकशीचा निकाल आला, कुणा एका व्यक्तीचा दोष आढळत नाही. त्याच आठवड्यात फ्लोराँनं काम सोडलं. मारिएलनं चार वेळा फोन केला. चारही वेळा त्याच्या बायकोनं उचलला. "तो फोनवर येत नाही," ती म्हणाली. शेवटच्या वेळी हळूच म्हणाली, "नातीचा फोटोपण भिंतीवरून काढून ठेवलाय त्यानं. नका करू फोन."

मार्चमध्ये मारिएल लांजलिएंना भेटायला वृद्धाश्रमात गेली. ते खिडकीशी बसले होते, मांडीवर चादर. पेपरात त्यांनी सगळं वाचलं होतं. ती समोर बसली आणि माफी मागायला शब्द जुळवू लागली, तेवढ्यात ते म्हणाले, "अकरा."

"काय अकरा?"

"अकरा मेढे. एकोणऐंशी साली. कोपऱ्यातल्या खड्ड्यात डोकी दिसत होती. साल होती त्यांना."

मारिएलनं खुर्ची पुढे ओढली.

"तुम्ही लिहिलंत, गाळ."

"हो, लिहिलं." त्यांनी चादरीची कड बोटानं सरळ केली. "त्याच्या आधी सात वर्षं आम्ही नदीतून एक होडी काढली होती. सपाट बुडाची, सुंदर. मीच हट्ट धरला, काढायचीच. एका तळघरात ठेवली. पैसे येणार होते, माणूस येणार होता, कुणी आलं नाही. दोन वर्षांनी मी ती केरसुणीनं गोळा केली. म्हणून परत लाकूड दिसलं तेव्हा मी वरून माती लोटली आणि गाळ लिहिलं. गाळ म्हटलं की कुणी खणत नाही."

"आणि त्या दिवशी? काठावर उभे होतात तेव्हा?" तिचा आवाज चढला. शेजारच्या खुर्चीतल्या म्हातारीनं मान वळवली. "तेव्हा का नाही सांगितलंत? होडीचं तरी सांगायचं!"

"सगळी माणसं उभी होती. पंचेचाळीस वर्षांचं खोटं. होडीचं सांगितलं असतं तर पुढचं सगळंच सांगावं लागलं असतं. तुझ्यासमोर लाज वाटली. वाटलं, नुसतं झाक म्हटलं तरी तू ऐकशील."

"खरं सांगितलं असतंत तर ऐकलं असतं मी."

"ठाऊक आहे."

"मी झाकलं असतं, मस्यु लांजलिए."

"ठाऊक आहे, पोरी."

दोन महिने तिला कुणावर तरी रागवायचं होतं. आता समोर माणूस होता, सगळं कबूल करून बसलेला, आणि राग येत नव्हता. काहीच येत नव्हतं. परिचारिका चहा घेऊन आली. मारिएलनं लांजलिएंसाठी कप धरला, त्यांनी दोन घोट घेतले.

"लिही आता," ते म्हणाले. "अहवालात लिही, लांजलिए खोटं बोलला. माझी हरकत नाही."

"लिहून काय होणार?"

तिनं ते लिहिलं नाही. दयेपोटी लिहिलं नाही की कंटाळा आला म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

एप्रिलमध्ये टाक्या रिकाम्या करायचा हुकूम आला. गोदाम दुसऱ्या कामाला हवं होतं. प्रत्येक लाकडाचा एक छोटा तुकडा नळीत भरून ठेवला, बाकीचं फावड्यानं काढावं लागलं. दोन कामगार आणि मारिएल, दिवसभर. धक्का कुठला आणि मेढा कुठला हे आता ओळखू येत नव्हतं. तपकिरी लगदा ट्रकमध्ये पडत होता आणि कडेनं पाणी गळत होतं. ट्रकवाला नवीन होता.

"बाई, हे आहे तरी काय?" त्यानं कागद पुढे करत विचारलं. "इथे लिहावं लागतं."

"लाकूड लिहा."

"लाकूड? हे?" तो हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्यानं मुकाट्यानं लिहिलं.

ट्रक गेल्यावर ती गाडी घेऊन फ्लोराँच्या घराकडे वळली. फोन करू नका म्हणाली होती त्याची बायको. या म्हणाली नव्हती, पण येऊ नका असंही म्हणाली नव्हती. घर चढावर होतं, खाली नदी. बर्फ फुटून वाहत होता. फ्लोराँ अंगणात, गाडीवर बर्फ पडू नये म्हणून हिवाळ्यापुरता घातलेला मांडव सोडवत होता, त्याच्या लोखंडी नळ्या एकेक करून भिंतीला लावत होता. वाळला होता. पँट पट्ट्यानं आवळलेली.

मारिएलनं इंजिन बंद केलं आणि काच खाली केली.

त्यानं वर पाहिलं. गाडी ओळखली.  मग हातातली नळी त्यानं सावकाश, आवाज न करता जमिनीवर ठेवली, घरात गेला आणि दार लावून घेतलं.

ती बराच वेळ तिथेच बसून राहिली. स्वयंपाकघराच्या खिडकीत पडदा एकदा हलला. पुन्हा काही हललं नाही. अंधार पडायच्या आत तिनं गाडी वळवली.