पाप ओळखणारं यंत्र

थर पहिला

"गप्प बसा! यंत्र ऐकतंय!"

दोनशे माणसं एकदम गप्प झाली. पूर ओसरून बारा दिवस झाले होते, निम्म्यांची घरं अजून गाळात होती. पण गोदामातल्या त्या मदतछावणीत घराचं नाव कुणी काढत नव्हतं. सगळ्यांचे डोळे कपाटाएवढ्या एका पेटीवर खिळलेले. मदतसंस्थेने ती ट्रकमधून उतरवली होती. आत एक गरम नाक होतं. ते प्लॅस्टिकची तार वितळवायचं, थरावर थर घालायचं, आणि तासाभरात नळाचा जोड, कुबडीचं टोक, सलाइनचा हूक, जे मागाल ते तयार. यंत्र चालवणारी इंजिनीअर मुलगी पुढच्या छावणीत गेली आणि जाताना किल्ली स्टोअरकीपरच्या हातात देऊन गेली. चार दिवसांत स्टोअरकीपरचे महाराज झाले.

"दोनशे चाळीस अंश!" महाराज गरजले. "दोन अधिक चार किती? सहा! षड्रिपू! हे यंत्र तुमचे साहीच्या साही रिपू वितळवतं. पुण्यवान समोर आला की शांत. पापी आला की..."

फट्. फट्. फुस्स. नाकातून पांढरी वाफ निघाली. गर्दी दोन पावलं मागे सरली.

पापी म्हणजे बेकरीवाली. तीच समोर उभी होती.

थर दुसरा

तिला हवी होती एक कपलिंग. मूठभर आकाराची. छावणीच्या पाणी गाळायच्या पंपात मोटर आणि पंखा जोडणारी कपलिंग तुटली होती, आणि पंप सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. बेकरीतलं पीठ मळायचं यंत्र वीस वर्षं तिनेच दुरुस्त केलं होतं ना. पंप बंद म्हणून लोक गढूळ पाणी पीत होते. पाणी पिऊन अकरा मुलं दवाखान्याच्या तंबूत पडली होती. त्यातली एक तिची चार वर्षांची पुतणी.

यंत्राने तिला तीन कपलिंगा दिल्या. तिन्ही हातात घेताच बिस्किटासारख्या मोडल्या.

महाराजांना मात्र पहिल्याच झटक्यात चष्म्याची डबी मिळाली, पाठ खाजवायचा हात मिळाला. "आधी दवाखान्याची यादी घ्या," असं बेकरीवाली त्या दिवशी चारचौघांत बोलली होती. तेव्हापासूनच तिचं पाप वाढलं.

"ताई, कबूल कर काय केलंयस ते," तिची धाकटी जाऊ रडत म्हणाली. "तुझ्यापायी माझी पोर जाईल गं!"

थर तिसरा (फसला)

अशा गोष्टीत इथे एक हुशार डॉक्टर येतात आणि दोन मिनिटांत भोंदूचं पितळ उघडं पाडतात.

पण छावणीतल्या डॉक्टरीणबाई तीन दिवस झोपल्या नव्हत्या आणि एका हाताने सलाइन धरून दुसऱ्या हाताने शीर शोधत होत्या. हा थर खरवडून काढू.

थर तिसरा, पुन्हा

बेकरीवालीने कबुली दिली. जावेसाठी.

"पाव दोन ग्रॅम हलका करायचे."

फट्.

"सासूबाईंचं पत्र उघडून वाचलं होतं."

फट्, फट्.

"हिच्या लग्नात हिच्या आईला मी मुद्दाम मोडकी खुर्ची दिली."

"तूच होतीस ती?" जाऊ रडायची थांबली.

फुस्स!

कबुलीसाठी यंत्राच्या नाकाजवळ नाक न्यावं लागे. तिथे वाकल्यावर बेकरीवालीच्या कानाला ओळख पटली. तापलेल्या ट्रेवर पाण्याचे थेंब पडले की हाच आवाज येतो. रोज पहाटे वीस वर्षं ऐकलेला. पाप असं फुटत नाही. पाणी असं फुटतं.

पण पाणी आलं कुठून?

ती बाजूला झाली आणि बघत राहिली. दर माणसामागे महाराज पडदा ओढत. "यंत्राचा एकांत!" पडद्याखालच्या फटीतून तिला महाराजांचे पाय दिसले आणि प्लॅस्टिकच्या तारेची दोन रिळं दिसली. एक घट्ट झाकणाच्या डब्यातलं. डब्यात औषधाच्या बाटलीत असतात तशा ओल शोषणाऱ्या पुड्या. दुसरं ओल आलेल्या भिंतीला टेकून उघड्यावर पडलेलं. लाडक्यांसाठी डबा. नावडत्यांसाठी भिंत.

उघड्यावर टाकलेला टोस्ट सादळतो, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आणि सादळलेल्या टोस्टचं काय करायचं, हेही.

थर चौथा

महाराज चहाला गेले तसं भिंतीजवळचं रीळ तिने ओढणीखाली उचललं आणि छावणीच्या स्वयंपाकघरात नेलं. ओव्हन अगदी मंद, दार बोटभर उघडं, सहा तास.

"काय भाजतेस?" आचाऱ्याने विचारलं.

"पाप."

"मीठ घातलंस?"

थर पाचवा

दुपारी चारला ती सगळ्यांसमोर उभी राहिली. स्वतःच्या हाताने रीळ चढवलं, यंत्राच्या छोट्या स्क्रीनवरचं कपलिंगचं चित्र निवडलं, हिरवं बटण दाबलं.

"थांब! यंत्र कोपेल!" महाराज धावले.

"कोपू दे. मी पापी, सकाळी सगळ्यांनी ऐकलंय. हे रीळही तेच, माझ्या तिन्ही कपलिंगा मोडणारं, शापित."

पाऊण तास. यंत्राने हूं की चूं केलं नाही. कपलिंग निघाली तशी तिने ती जमिनीवर आपटली, वर उभी राहिली, मग जावेलाही वर उभं केलं. कपलिंग शाबूत.

"आता महाराज या समोर. तुमच्याइतका पुण्यवान कोण?"

तिने डब्यातलं रीळ काढलं. ते तिने सकाळीच, महाराज चहाला गेले तेव्हा, ओल्या फडक्यात गुंडाळून पुन्हा डब्यात ठेवलं होतं. रीळ चढलं, महाराज हात जोडून उभे राहिले.

फट्! फट्! फट्! फुस्स! फट्!

"अगंबाई," जाऊ म्हणाली, "यांनी तर ताईपेक्षा जास्त खुर्च्या मोडल्यात!"

गोदाम हसून हसून कोसळायच्या बेताला आलं. महाराज पडद्यामागे गेले. या खेपेला एकांत त्यांनाच हवा होता. तिथे गाळलेल्या पाण्याच्या बाटल्यांचे खोके सापडले. महाराज गढूळ पाणी पीतच नव्हते.

"नीट ऐका," बेकरीवाली म्हणाली. "ही तार हवेतली ओल पिते. नाक दोनशे चाळीस अंश तापलेलं; आतल्या पाण्याची वाफ होते, फुटते, प्लॅस्टिकला भोकं पडतात, थर एकमेकांना धरत नाहीत. बस, एवढंच. यात तुमचं पाप नाही, माझं नाही. यांचं मात्र आहे, आणि ते ओळखायला यंत्र लागलं नाही."

एका म्हातारीने तिचे पाय धरले. "तूच खरी देवी गं!"

"आजी, पाय सोडा. उद्या मीही खोटं बोलेन, तेव्हा काय कराल? रीळ हातात घ्या. कोरडं आणि ओलं, दोन्ही चालवून बघा. तुमच्या हाताने."

म्हातारीने पाय सोडले आणि रीळ घेतलं. बेकरीवाली तोवर कपलिंग घेऊन पंपाकडे पोचली होती. चार बोल्ट आवळले, खटका दाबला. पहिली बादली गढूळच आली. तिने ती ओतून दिली. दुसरीही ओतली. तिसऱ्या बादलीचा तळ दिसला, तेव्हा जावेने पेला भरला आणि दवाखान्याच्या तंबूकडे पळत सुटली.