एक तुरट घोट

सुमेधाने स्टीलच्या पेल्यातली वाइन घरच्या सवयीने, ओठ न लावता, वरून तोंडात ओतली आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं. गाऊनवर लालभडक डाग पडला.

"अगं बाई, ओठ लाव! माठातलं पाणी आहे का ते?" तिचा नवरा गुरुदत्त हसत हसत तिची पाठ थोपटत होता.

"हसू नकोस. पुन्हा ओत."

बाटली इटलीची, पिंपरीच्या दुकानात होती त्यातली स्वस्तातली. सासूबाई गावाला गेल्या होत्या तेवढ्यात हे उरकायचं होतं. चाकणच्या कंपनीत इटलीहून आलेलं मशीन तिनेच बसवलं, तिनेच चालू करून दाखवलं. तरी तिकडच्या ट्रेनिंगसाठी तिच्या बॉसच्या, शेखर सरांच्या मनात तिचा सहकारी अवधूत होता. 'तिथे रोज जेवणात वाइन असते, तुला अवघडल्यासारखं होईल.' म्हणे अवघडल्यासारखं! तेव्हापासून ती नुसती धुमसत होती. शुक्रवारी इटलीचे पाहुणे यायचे होते, त्यांच्यासमोरच नाव पक्कं होणार होतं.

तिने ओठ लावले. घोट जिभेवर धरला. कच्च्या जांभळासारखा तुरट, वर आंबूस.

"कशी आहे?"

"घाण आहे," ती म्हणाली आणि पेला पुढे केला. "ओत अजून."

शुक्रवारी हॉटेलात वेटर बाटली घेऊन आला, तेव्हा शेखर सर लगबगीने म्हणाले, "मॅडमना मोसंबी ज्यूस आणा."

"नको. वाइनच द्या."

सुमेधाने ग्लास उचलला, वास घेतला, एक घोट तोंडात घोळवून सावकाश गिळला. तोंड जरासुद्धा वाकडं केलं नाही. अवधूतने सरांकडे पाहिलं.

वेटर मुख्य पाहुण्यांकडे वळला. पांढऱ्या केसांच्या लुका यांनी आपल्या ग्लासवर हात आडवा धरला.

"मी पीत नाही," ते इंग्रजीत म्हणाले. "मला कधी आवडलीच नाही. तो ज्यूस चालेल मला."

शेखर सर उगाचच रुमालाची घडी घालू लागले. सुमेधाला हसू आणि संताप एकदमच आला. तिने आपला ग्लास सरांच्या पुढ्यात सरकवला.

"सर, मलापण मोसंबीच सांगा," ती म्हणाली. "आणि ट्रेनिंगला माझं नाव घाला."