गुरुवारी वाजलेला मोबाईल

मी बटणांचा मोबाईल बोलतोय. खरं तर आवाज गेलाय माझा, स्पीकर बसलाय. पण वर्षानुवर्षं लोकांच्या कानाशी बोलण्यात आयुष्य गेलं, ती सवय कशी सुटणार? तेव्हा ऐका.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. ते मला फारसं आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती अकोल्यातल्या एका दुकानाच्या काचेपासून. तिथून मला शेषरावांनी उचललं. शेषराव अमरावतीचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांना रक्तदाबाची गोळी सकाळी आठवायची नाही. मी आठवण करून द्यायचो. ते मला "चूप बस बापा, घेतो" म्हणायचे आणि घ्यायचे. मला शिव्या खाण्याचं कधी वाईट वाटलं नाही. ज्याचं काम आठवण करून देणं, त्यानं कौतुकाची वाट पाहू नये.

मग घरात मोठ्या काचेचे मोबाईल आले आणि मी कपाटाच्या खणात गेलो. जुनी चष्म्याची घरं, बंद पडलेली घड्याळं आणि मी. तिथून मला बाहेर काढलं नीलमनं. नीलम शेषरावांची धाकटी मुलगी, स्थापत्य अभियंता. पातूरजवळच्या एका गावात अभ्यासिका बांधायचं काम तिला मिळालं होतं. तिच्या स्वतःच्या नावावरचं पहिलंच काम. गावानं वर्गणी काढून ते उभं केलेलं. काही जण चावडीवर उघड म्हणत होते, "पोरगी काय स्लॅब टाकते! पाहू पयल्या पान्यात गळते का नाही." नीलम हे ऐकून हसायची, पण मी तिच्या खिशात असायचो. तिच्या छातीची धडधड मला कळायची.

तिच्याकडे एक लॅपटॉप होता. त्यात कामाचं नियोजन करायचं सॉफ्टवेअर. पाया, भिंती, सेंट्रिंग, स्लॅब, प्लास्टर, प्रत्येक कामाची एक रंगीत पट्टी. एक पट्टी पुढे ओढली की मागच्या सगळ्या आपोआप सरकायच्या. सुरुवातीला मी या लॅपटॉपरावांवर जळायचो. त्यांच्यासाठी खुर्ची, त्यांच्यासाठी सावली, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून रुमाल. आणि मी? जिन्याच्या भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला सुतळीनं टांगलेला!

पण त्या खिळ्याचा मला आज केवढा अभिमान आहे!

झालं असं. स्लॅब टाकला की तो लगेच मजबूत होत नाही. त्याला बरेच दिवस ओलं ठेवावं लागतं. वर सिमेंट-वाळूच्या मसाल्याचे छोटे आळे, म्हणजे बोटभर उंचीचे बांध, घालून त्यात पाणी साठवतात. आमच्याकडच्या मे महिन्यात ते पाणी बघता बघता उडून जातं. पुन्हा मारलं नाही तर स्लॅबला भेगा पडतात. लॅपटॉपरावांच्या पोटात या सगळ्या दिवसांची मिळून एकच लांब निळी पट्टी होती. पट्टी दिवसागणिक पुढे सरकते, पण पाणी काही मारत नाही. म्हणून नीलमनं ते काम मला दिलं. दर दोन तासांचा गजर लावला आणि गजराच्या जागी स्वतःचा आवाज भरला, "संघपालभाऊ, स्लॅबले पानी मारा! आळे सुकू देऊ नका!" संघपाल म्हणजे आमचा मिस्त्री. कोणी येऊन बटण दाबेपर्यंत मी थांबायचो नाही.

स्लॅब सोमवारी टाकायचा होता. मिक्सरची गाडी आली नाही. नीलमनं पट्टी दोन दिवस पुढे ओढली, बाकीच्या पट्ट्या गुपचूप तिच्यामागे सरकल्या. बुधवारी स्लॅब टाकून झाला, संध्याकाळी आळे बांधून पाणीही भरलं. सगळ्यांना जिलबी आणि मसालेभात मिळाला, संघपालनं शिट्टी वाजवली, नीलमनं बापाला फोन लावला. त्या आनंदात एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नाही. दुसरा दिवस गुरुवार होता. गुरुवारी गावचा बाजार, आणि बाजाराच्या दिवशी मजुरांची सुट्टी. लॅपटॉपरावांना मात्र सुट्टी फक्त रविवारची ठाऊक होती. संघपालला वाटलं, बाईच्या लॅपटॉपमध्ये सगळं लागलेलं आहे, तर पाण्याला माणूसही लागलाच असेल. नीलमला वाटलं, संघपाल आहेच. ती पहाटेच्या गाडीनं अमरावतीला बैठकीला गेली.

सकाळी मी वाजलो. "संघपालभाऊ, स्लॅबले पानी मारा!" कोणी नाही. पुन्हा वाजलो. ऊन चढत होतं, आळ्यांतलं पाणी खाली खाली जात होतं. मी एकटाच खिळ्यावर लटकत बोंबलत होतो. सांगतो, तेव्हा मी घाबरलो होतो. मला हात नाहीत हो!

समोरच्या घरात मैनाबाई राहतात. त्यांच्या अंगणातून आवाज आला, "काय वं नीलम, कावून बोंबलून राहिली? तो त बाजारात गेला!"

मी म्हटलं, "संघपालभाऊ, स्लॅबले पानी मारा!"

"सांगतलं ना तुले! बाजारात गेला म्हनून!"

"आळे सुकू देऊ नका!"

"अवं, ऐकू येते का नाही तुले?" म्हणत मैनाबाई पदर खोचून जिना चढल्या. पाहतात तर नीलम नाही, नुसता मी. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की माझी बॅटरी तिथंच उतरायची बाकी होती. मग त्यांची नजर स्लॅबवर गेली. आळे कोरडे ठणठणीत.

"अवो माय!" एवढंच म्हणाल्या. टाकीचा पाईप ओढला आणि कोपऱ्या-कोपऱ्यातून पाणी भरायला लागल्या. पुढे दिवसभर मी वाजलो की त्या खालूनच ओरडायच्या, "आली वं बाई, आली!"

दुपारी नीलमनं बैठकीत कामाची प्रगती दाखवायला लॅपटॉप उघडला. निळ्या पट्टीच्या डोक्यावर गुरुवार दिसला, गावचा बाजार आठवला आणि ती तशीच उठून बाहेर आली. तिनं मला फोन लावला. मैनाबाईंनी उचलला.

"आता फोनातूनबी तूच? किती बोलशीन?"

"मैनाआजी? तुमी? आजी, स्लॅब..."

"रडू नको. पानी मारून राहिली मी. माही पिंकी बसनार हाय याच्याखाली अभ्यासाले. तू ये सावकाश."

माझ्या कानात नीलमचा हुंदका होता आणि पाठीवर मैनाबाईंचा ओला हात. दोन्ही एकाच वेळी. कुठल्या मोबाईलच्या नशिबी येतं असं?

संध्याकाळी नीलम आली. आधी स्लॅबवरून अनवाणी फिरली. मग तिथंच बसून तिनं लॅपटॉपरावांना गुरुवारची सुट्टी शिकवली, रविवारी काम लावलं आणि पाण्याच्या पट्टीसमोर गुरुवारसाठी मैनाबाईंचं नाव घातलं. "आजी, येसान ना?" तिनं विचारलं.

"रोजी देशीन त कावून नाही येनार?" मैनाबाई म्हणाल्या. नीलम पहिल्यांदा मोकळी हसली.

त्या दिवसापासून माझा लॅपटॉपरावांवरचा जळफळाट संपला. त्यांना पुढचे महिने दिसतात, मला फक्त आत्ताची वेळ कळते. पण दोघांना एकत्र कामाला लावणारी पोरगी भेटली म्हणून दोघांचंही नाव झालं. पावसाळा येऊन गेला. अभ्यासिका एका थेंबानं गळली नाही. चावडीवरचे लोक आता दुसऱ्या विषयावर बोलतात.

मी अजून जिन्यातल्या त्याच खिळ्यावर आहे. परवा नीलम आली होती, नवा मोबाईल घेऊन. चांदूर रेल्वेला तिचं मोठं काम सुरू झालंय. तिथं पोचल्यावर लॅपटॉप उघडायच्या आधी तिनं विचारलं म्हणे, "इथला बाजार कोन्या वारी असते?" नव्या मोबाईलमध्ये गजराचा आवाज भरायचा होता. मला वाटलं, माझ्यातलाच तिचा जुना आवाज त्यात जाणार. पण तिनं मोबाईल मैनाबाईंसमोर धरला. मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खच्चून ओरडल्या, "आलं का रे कोनी? नाही त मीच येतो पानी माराले!"

खाली अभ्यास करणारी पिंकी दचकली, मग हसायला लागली.

माझं बोलणं थांबलं असलं तरी मला ऐकू येतं, बरं का. तुम्ही कधी या अभ्यासिकेत आलात, तर जिना चढताना मला खिळ्यावरून काढू नका. जमलं तर वर मान करून छत बघा. कुठं भेग दिसते का, शोधून बघा.